सहा फुटी टाकी, दोन ऑस्कर आणि फिल्टरचा प्रश्न: इंदूरमधलं एक प्रकरण

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं हे घर. बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी 12 मिलिमीटर काचेची टाकी. आत दोन मोठे ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर आणि एक सकर, एवढे मासे. घरात माणसं दोनच, निवृत्त काका आणि काकू. टाकी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने बसवून दिलेली, पण मासे सांभाळतात ते काकाच. ऑस्कर त्यांना ओळखतात. काका खोलीत आले की दोघंही काचेशी येऊन उभे राहतात.

सिल्व्हर डॉलर आधी सहा होते. मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी एका दुपारी बराच वेळ वीज बंद राहिली. ती परत आल्यावर टाकीखालच्या कॅनिस्टर फिल्टरने, म्हणजे बंद डब्याच्या फिल्टरने, पहिला झोत सोडला तो काळपट आणि घाण वास येणारा. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले आणि संध्याकाळपर्यंत एक सिल्व्हर डॉलर गेला. त्यानंतर काकांचा मला फोन आला. "मोठा फिल्टर घ्यायचाय, कुठला घेऊ ते येऊन सांग," एवढंच म्हणाले.

फिल्टर कुठला, हे टाकीची लांबी-रुंदी ऐकून सांगता येत नाही असं माझं ठाम मत आहे. पाणी कुठून येतं, मासे किती खातात, वीज गेल्यावर काय होतं आणि फिल्टर धुणार कोण, हे आधी बघावं लागतं. या घरात शेवटच्या प्रश्नाने निकाल लावला. पण आधीचे तीन प्रश्न सोडवल्याशिवाय तो निकाल पटला नसता, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

टाकीचं माप काढलं तर काठोकाठ 680 लिटर भरतात. वरची मोकळी जागा आणि तळाची रेती वजा केली की प्रत्यक्ष पाणी साधारण साडेपाचशे लिटर. कॅनिस्टरच्या खोक्यावर ताशी 1400 लिटर लिहिलेलं. त्याची बाहेर येणारी नळी उचलून 15 लिटरच्या बादलीत धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. बादली भरायला 75 सेकंद लागले, म्हणजे ताशी 720 लिटर. यात कंपनीने फसवलं असं काही नाही. खोक्यावरचा आकडा मीडिया (गाळणीचं आणि जिवाणूंना घर देणारं साहित्य) न भरलेल्या, नवीन, काहीच उंची न चढवणाऱ्या पंपाचा असतो. आत स्पंज, सिरॅमिक रिंग्ज आणि वर महिन्यांचा गाळ भरला की तो अर्ध्यावर येतोच. पण खरेदी करताना सगळे खोक्यावरच्या आकड्याला टाकीच्या लिटरने भागून समाधान मानतात. ज्यांच्या घरी आज कॅनिस्टर चालू आहे त्यांनी हा बादलीचा प्रयोग जरूर करावा.

मग पाण्याची तपासणी. थेंबांच्या किटवर अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या (लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या) आसपास, नायट्राइटचा हलका जांभळा रंग आणि नायट्रेटचा रंग तक्त्यावरच्या सर्वांत गडद खुणेच्या जवळ. पीएच 8. दिसायला पाणी फक्त किंचित पिवळट होतं.

"पाणी तर स्वच्छच दिसतंय नं रे?" काका म्हणाले.

दिसतं, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्यातून इंदूरच्या बोअरचं पाणी. माळव्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून येणारं हे पाणी बहुतेक ठिकाणी कठीण असतं आणि पीएच वर धरून ठेवतं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप माशांना खरं विषारी. पीएच 7 आणि तापमान 28 अंश असेल तर या विषारी रूपाचा वाटा पाऊण टक्क्याच्या आत राहतो. तेच पीएच 8 ला साडेसहा टक्क्यांवर जातो. एका अंकाच्या फरकात विष नऊ-दहा पट. म्हणून कमी पीएचच्या पाण्यावर कसाबसा निभावणारा फिल्टर बोअरच्या पाण्यावर निभावेलच असं नाही.

या घरात बोअरचं आणि नर्मदेचं, दोन्ही पाणी येतं. नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून पंपांनी विंध्याचा चढ चढवून सुमारे 70 किलोमीटरवरून शहरात आणलं जातं. ते नळाला येतं त्यात क्लोरीन असतो, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. क्लोरीन उडवायला अँटी-क्लोरीनचे थेंब पुरतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही म्हणून काका टाकीत तेच भरायचे. पण त्या बोअरच्या पाण्यातच नायट्रेट लिटरला 25 मिलिग्रॅमच्या घरात निघालं, नर्मदेच्या पाण्यात 5 सुद्धा नाही. याचा परिणाम पुढे हिशोबात दिसेल.

आता खाद्य. काका दिवसाला साधारण 10 ग्रॅम दाणे घालायचे, पाकिटावर प्रथिनं 40 टक्के. मत्स्यपालनात एक ढोबळ हिशोब वापरतात: खाद्यातल्या प्रथिनांच्या वजनाच्या साधारण 9 टक्के नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. 10 ग्रॅममध्ये प्रथिनं 4 ग्रॅम, म्हणजे रोज 0.37 ग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन. साडेपाचशे लिटरमध्ये तो लिटरला 0.67 मिलिग्रॅम होतो. रोजच्या रोज. फिल्टरमधल्या जिवाणूंनी हा रोजच्या रोज संपवायचा आहे, आधी नायट्राइट करून आणि मग नायट्रेट करून.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून मीडिया किती लिटर हा प्रश्न खरं तर पृष्ठभाग किती चौरस मीटर असा विचारायला हवा. कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रियेत चाकाच्या आकाराचे प्लॅस्टिकचे छोटे तुकडे वापरतात, एमबीबीआर मीडिया म्हणतात त्याला. त्यातल्या चांगल्या प्रकाराच्या एका लिटरला साधारण अर्धा चौरस मीटर वापरण्याजोगा पृष्ठभाग मिळतो. टाकीतल्या कमी अमोनियाच्या पाण्यात एक चौरस मीटर दिवसाला फक्त 0.1 ग्रॅम नायट्रोजन हाताळेल असं अगदी हात राखून धरलं, तरी 3.7 चौरस मीटर म्हणजे साडेसात लिटर मीडिया पुरतो. दुकानात 40 लिटर सिरॅमिक रिंग्ज लागतील असं सांगितलं होतं. त्या पैशात काकांना उत्तम पंप आला असता, आणि पुढे आलाही.

थोडक्यात, जागा कमी होती म्हणून हा फिल्टर कोलमडला नव्हता. गाळाने तुंबून पाण्याचा ओघ निम्मा झाला आणि वीज गेल्यावर आतला प्राणवायू संपला, ही खरी कारणं होती.

प्राणवायूचा हिशोब मी काकांना वहीत मांडून दाखवला, कारण त्या दुपारी काय झालं हे त्यांना कळायला हवं होतं. मेमध्ये टाकीचं पाणी 30 अंशांवर गेलं की लिटरमध्ये जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर असल्यामुळे इथे आणखी थोडा कमी, 7 धरा. कॅनिस्टरमध्ये 10 लिटर पाणी, म्हणजे एकूण 70 मिलिग्रॅम. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला जिवाणूंना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. रोजच्या 0.37 ग्रॅमला 1.7 ग्रॅम, म्हणजे तासाला साधारण 70 मिलिग्रॅम. झाकण बंद, पाणी थांबलेलं, आत गाळ कुजवणारे दुसरे जिवाणूही श्वास घेतायत. तासाभरात डबा गुदमरतो. पुढचे तास तो आत सडत राहतो आणि वीज आली की पंप ते सगळं माशांच्या अंगावर सोडतो.

काका बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे लाईट आल्यावर आधी तो नळीतला झोत बादलीत काढायला हवा होता." बरोबर आहे. ज्यांच्याकडे कॅनिस्टर आहे त्यांनी लांबलेल्या वीजबंदीनंतर हेच करावं: पहिला डबाभर पाणी बादलीत, मग नळी टाकीत.

पर्याय तीन होते.

मुलाचं म्हणणं मोठे कॅनिस्टर घ्या, एकाच्या जागी दोन. फोनवर म्हणाला, "दादा, पैशाचं बघू नका, बाबांना त्रास नको." कॅनिस्टर शांत असतो, टाकीखाली लपतो, फरशीवर थेंब नाही. काकूंनाही तोच पसंत होता. "मला आवाज नको आणि फरशीवर पाणी नको, बाकी तुम्ही ठरवा," एवढ्याच त्यांच्या अटी, आणि दोन्ही रास्त. पण कॅनिस्टर धुवायचा तर जमिनीवर बसून वाकायचं, नळ्यांचे खटके सोडवायचे, 10-12 किलोंचा भरलेला डबा मोरीपर्यंत न्यायचा. काकांचे गुडघे मांडी घालू देत नाहीत. म्हणूनच तो फिल्टर महिनोन् महिने उघडला गेला नव्हता. काकांनी हे सांगितलं नव्हतं, मी विचारल्यावर काकू बोलल्या. दोन कॅनिस्टर म्हणजे न धुतलेले दोन डबे.

सम्प हा मोठ्या टाकीचा राजमार्ग, हे मलाही मान्य आहे. पाणी काठावरून खाली उतरतं, टाकीखालच्या दुसऱ्या काचेच्या पेटीत गाळण, मीडिया, हीटर सगळं मावतं आणि पंप ते परत वर चढवतो. नवीन टाकी बनवून घेणाऱ्याला मी डोळे मिटून सम्प सांगतो. इथे अडचण अशी की टाकीला भोक नाही. मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडता येतं, पण काच टफन केलेली (तापवून कडक केलेली) असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. इथे काच कुठली, याचा कागद कोणाकडे नव्हता. भोक न पाडता काठावरून सायफनने पाणी उचलणारे बॉक्स मिळतात. त्यांच्या नळीत हवा साठली की सायफन तुटतो, पंप मात्र वर पाणी ढकलत राहतो. टाकीत वर मोकळी जागा हिशोबाने सोडली तर फरशी वाचते, पण खालचा पंप कोरडा पडून जळतो. आणि सम्पही शेवटी जमिनीलगतच. गाळणीचा मोजा बदलायला वाकावं लागतंच.

तिसरा पर्याय दुकानात कोणी सुचवला नव्हता: टाकीच्या वर भिंतीला ब्रॅकेट मारून लांबट पेटी बसवायची आणि तिच्यात मीडिया भरायचा. टाकीतला पंप पाणी पेटीत चढवतो, ते स्पंजातून आणि मीडियातून झिरपत स्वतःच्या वजनाने परत टाकीत उतरतं. आपल्याकडे छोट्या टाक्यांवर टॉप फिल्टर असतो, त्याचंच हे मोठं भावंड. मोठ्या, घाण करणाऱ्या माशांसाठी याच्यासारखा स्वस्त आणि निर्धोक मार्ग मला माहीत नाही. वीज गेली की पाणी खाली उतरतं, मीडिया ओला आणि हवेत उघडा राहतो, जिवाणूंना प्राणवायू मिळत राहतो. पेटी तुंबली तर पाणी वरच्या जादा तोटीतून टाकीतच पडतं. वीज गेल्यावर पेटीतलं जे पाणी खाली येईल तेवढी जागा टाकीत सोडली की झालं. या टाकीचा एक सेंटिमीटर म्हणजे 11 लिटर, त्यामुळे दोन बोटं जागा पुष्कळ होते.

आणि काका उभ्याउभ्या, छातीच्या उंचीवर, एका हाताने स्पंज काढू शकतात.

इथे निर्णय झाला. काकूंची हरकत उरली ती दिसण्याची आणि आवाजाची. सुताराकडून टाकीच्या स्टँडच्याच रंगाची प्लायची पट्टी पेटीसमोर बसवली, पडद्याच्या पेल्मेटसारखी, बिजागरीवर वर उचलता येणारी. आवाजासाठी खाली येणारा पाइप पाण्याच्या पातळीपर्यंत उतरवला आणि तोंडाला तिरका कोपरा लावला. पाणी कोसळत नाही, पृष्ठभागावर सरकत जातं. पृष्ठभाग हलता ठेवायचा तेवढा हलतो. काकू पहिल्या रात्री बैठकीत बसून ऐकत राहिल्या आणि "पंख्याहून कमी आहे" म्हणाल्या. ती संमती समजायची.

बांधणीतल्या दोन गोष्टी नीट सांगायला हव्यात, कारण तिथे घाई केली की महागात पडतं. पहिली, पेटीचं वजन. चार फुटांची, आठ इंच रुंदीची पेटी मीडिया आणि पाण्यासकट 35-40 किलो होते. ती टाकीच्या काचेवर किंवा आडव्या काचपट्ट्यांवर टेकवायची नाही. काच आतल्या पाण्याच्या बाहेर ढकलणाऱ्या दाबासाठी चिकटवलेली असते, वरून मधोमध भार घ्यायला नाही. सियागंज बाजारातून जाड लोखंडी ब्रॅकेट आणले आणि विटांच्या भिंतीत अँकर बोल्टने बसवले. दुसरी, वीज. टाकीतल्या पंपाची वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता तिथेच ठिबकतं. आणि त्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पाण्यात हात घालणारा माणूस सत्तरीचा आहे, यावर मी काहीही ऐकून घेतलं नाही.

पंप 40 वॅटचा, खोक्यावर ताशी 3000 लिटर. पंप तळाशी ठेवला तरी त्याला उंची चढावी लागते ती पाण्याच्या पृष्ठभागापासून पेटीच्या तोंडापर्यंतच, तळापासून नाही. हे अनेकांना पटत नाही, म्हणून पुन्हा बादली धरली: 15 लिटरला 27 सेकंद, ताशी 2000 लिटर. साडेपाचशे लिटरच्या टाकीत तासाला साडेतीन फेऱ्यांच्या वर. दहा फेऱ्या हव्यात असं सांगणारे भेटतात. ऑस्करच्या टाकीत पंपाचं तोंड नीट जागी असेल तर चारच्या आसपास पुरतात असा माझा अनुभव आहे. घाण पंपाच्या तोंडापर्यंत ढकलायला समोरच्या कोपऱ्यात एक छोटा पॉवरहेड, म्हणजे नुसता झोत मारणारा पंप, लावला.

पेटीत पहिल्या कप्प्यात जाड स्पंज, मग बारीक, मग 20 लिटर एमबीबीआर मीडिया. हिशोबाच्या अडीचपट, कारण दिवाळीत आणि मेमध्ये नातू येतो आणि खाद्याचं पाकीट त्याच्या हातात जातं. कार्बन नाही, यूव्ही दिवा नाही. दोन्हींना त्यांची कामं आहेत, या टाकीला त्यांची गरज नव्हती.

जुना कॅनिस्टर लगेच काढला नाही. नव्या मीडियावर जिवाणू बसायला काही आठवडे जातात. त्यांना बी म्हणून कॅनिस्टरमधल्या निम्म्या सिरॅमिक रिंग्ज जाळीच्या पिशवीत भरून पेटीत ठेवल्या, उरलेल्या निम्म्यांसह कॅनिस्टर धुऊन चालू ठेवला. धुताना टाकीतलंच काढलेलं पाणी वापरलं. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात रिंग्ज खंगाळल्या तर जिवाणूंची वर्षभराची कमाई जाऊ शकते. या काळात खाद्य 6 ग्रॅमवर आणलं. काकांना हेच सर्वांत जड गेलं. "ते उपाशी बघतात रे माझ्याकडे," म्हणायचे. ऑस्कर पोट भरलेलं असतानाही तसेच बघतात, हे त्यांना मान्य करायला वेळ लागला. पण दाणा खाताना ऑस्कर तो चावून कल्ल्यांतून भुगा सोडतो, तो ढग पॉवरहेडच्या झोतात पंपाकडे जाताना त्यांनी स्वतः पाहिला, आणि पहिला स्पंज पिळल्यावर बादलीतलं पाणी पाहिलं. त्यानंतर मोजून घालायला लागले.

नायट्रेटचा प्रश्न मात्र कुठल्याच फिल्टरने सुटणार नव्हता, आणि हे आधीच सांगणं माझं काम होतं. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, ते तिथेच साठतं. 10 ग्रॅम खाद्याने आठवड्याला लिटरमागे साधारण 21 मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदललं तर ते 70 च्या आसपास जाऊन थांबतं, आणि भरायचं पाणी 25 नायट्रेटचं बोअरचं असेल तर 95 ला. काकांची टाकी तिथेच होती. 6 ग्रॅम खाद्य, 40 टक्के बदल आणि नर्मदेचं पाणी, असं धरलं की आकडा 35 च्या आसपास बसतो. आठवड्याला सव्वादोनशे लिटर नर्मदेचं पाणी माशांना हे काकूंना बोचत होतं, इंदूरमध्ये उन्हाळा काढलेल्या कोणालाही बोचेल. तोडगा असा निघाला की काढलेलं पाणी छोट्या पंपाने थेट अंगणात, लिंबू, कढीपत्ता आणि मोगऱ्याला. तिकडे आता नळाचं पाणी लागत नाही.

बोअरचं पाणी रोजच्या भरतीलाही बंद केलं. उन्हाळ्यात उघड्या पेटीतून बादलीभर पाणी रोज उडतं, क्षार मागे राहतात, आणि वर पुन्हा क्षाराचंच पाणी घातलं की कठीणपणा चढत जातो. त्या उडण्याचा एक फायदा असा की पाणी थंड राहतं. माळव्याच्या रात्रींचा लौकिक शब-ए-माळवा म्हणून आहेच, कोरडी हवा इथे फिल्टरच्याही कामी येते.

वीजबंदीची सोय वेगळी केली. घरात इन्व्हर्टर होताच, त्यावर दोन पंखे आणि दिवे. 40 वॅटचा पंप त्याच लाइनवर घेतला, शिवाय इन्व्हर्टरही बसला तर म्हणून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा एअर पंप.

आज किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 30 ते 40 च्या मधे. काका रविवारी उभ्याने पहिला स्पंज काढतात, टाकीच्या पाण्याच्या बादलीत पिळतात आणि परत बसवतात. मीडियाला हात लावायचा नाही हे त्यांना पक्कं सांगितलं आहे. कॅनिस्टर पेटी रुळल्यावर काढला, तो मुलगा पुण्याला घेऊन जाणार आहे, धुण्याच्या अटीवर. सगळी मदार एका पंपावर असल्यामुळे त्याच मापाचा दुसरा पंप स्टँडच्या वरच्या खणात आणून ठेवला आहे, खोलीतून न वाकता हाती येईल असा.